धर्मसंकटात विचार कसा करावा

ज्या प्रसंगांना आपण धर्मसंकट म्हणतो, त्यांतले पुष्कळसे मुळात धर्मसंकटाचे नसतातच. उसने घेतलेले पैसे परत करायचे आहेत, पण परत केले तर हात आखडेल. वरिष्ठांची गंभीर चूक दिसली आहे, पण बोललो तर बढती हुकेल. अशा वेळी काय करायला हवे ते आपल्याला पक्के ठाऊक असते, फक्त त्याची किंमत मोजायची तयारी नसते. तिथे लागते ते धैर्य. विचार लांबवून तिथे नवे काही हाती लागत नाही, उलट तो बहुतेक वेळा सबबीच्याच शोधात असतो. खरा पेच निराळा असतो. त्यात माणूस योग्य ते करायला तयार असतो, त्यासाठी झीज सोसायलाही तयार असतो, आणि तरीही योग्य काय ते त्याला उमगत नाही; कारण दोन कर्तव्ये एकाच वेळी समोर उभी असतात आणि एक पाळायचे तर दुसरे मोडावे लागते. अशा पेचातून विचारपूर्वक वाट काढण्याची एक जुनी, शिस्तबद्ध रीत आहे. ती एकदा पुरती बदनाम झाली आणि पुढे पुन्हा उपयोगातही आली. ती प्रत्येक विचारी माणसाला अवगत असावी असे मला मनापासून वाटते, कारण एखादे मोठे तत्त्व उच्चारून हे पेच सुटत नाहीत. प्रसंगाचा तपशील नीट पाहावा लागतो आणि ज्यांच्याबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही अशा प्रसंगांशी त्याची तुलना करावी लागते.

सर्वांत आधी आपली शंका नेमकी कशाबद्दल आहे ते ठरवले पाहिजे. ती वस्तुस्थितीबद्दल असू शकते किंवा कर्तव्याबद्दल असू शकते, आणि या दोहोंची गल्लत झाली की पुढचा सगळा विचार वाकडा जातो. युरोपातले जुने नीतिपंडित यासाठी शिकाऱ्याचे उदाहरण देत. झाडीत काहीतरी हालते आहे, ते हरीण असावे असे वाटते, पण माणूसही असू शकेल. अशा वेळी ‘बहुधा हरीणच असेल’ हा अंदाज कितीही सबळ असला तरी पुरेसा नाही. खात्री होईपर्यंत बाण सुटता कामा नये. आपल्याकडे दशरथाची कथा हेच सांगते. रात्रीच्या अंधारात पाण्यात बुडणाऱ्या घागरीचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि त्या आवाजाच्या रोखाने सोडलेला बाण श्रावणाला लागला. दशरथाच्या मनात पाप नव्हते. त्याचा दोष इतकाच, की जी शंका पाहून मिटवायची ती त्याने आपल्या कौशल्यावरच्या विश्वासाने मिटवली. आपल्या रोजच्या पेचांपैकी किती पेच दोन फोन केले, एक कागद नीट वाचला किंवा संबंधित माणसालाच सरळ विचारले तर तिथेच संपतील, याचा प्रत्येकाने प्रामाणिकपणे विचार करून पाहावा.

चौकशी करूनही पेच उरला, तर तो कर्तव्याचा पेच आहे असे समजावे. इथे पहिला मोह होतो तो एकच नियम घट्ट धरून बसण्याचा. 1797 मध्ये जर्मन तत्त्वचिंतक इमॅन्युएल कांटने एका छोट्या निबंधात असे प्रतिपादन केले, की खुनी माणूस दारात येऊन ‘तुझा मित्र घरात लपला आहे का’ असे विचारत असला तरीही त्याच्याशी खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. महाभारताच्या कर्णपर्वात नेमका याच्या उलट निवाडा आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याने नेहमी खरेच बोलण्याचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांच्या भीतीने काही लोक त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपले, मागून आलेल्या दरोडेखोरांनी त्याला वाट विचारली, त्याने खरे ते सांगितले आणि ते लोक मारले गेले. कृष्ण अर्जुनाला सांगतो, की या सत्याबद्दल कौशिक नरकात गेला. त्याच ठिकाणी कृष्ण उपायांचा एक क्रमही सांगतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. न बोलून सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये. बोलणे भागच पडले, किंवा गप्प राहिल्यानेच संशय येणार असेल, तर मग खोटे बोलणे श्रेयस्कर. म्हणजे अपवाद मान्य झाला तरी नियम फेकून दिला जात नाही. तो कमीत कमी मोडेल अशी वाट आधी शोधायची आणि तो पूर्णपणे मोडण्याची वेळ शेवटी आणायची.

ही कथा कृष्णाने कोणत्या प्रसंगी सांगितली तेही पाहण्यासारखे आहे. ‘तुझे गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती, आणि रागाच्या भरात युधिष्ठिर नेमके तेच बोलला. प्रतिज्ञा पाळायची म्हणून अर्जुनाने थोरल्या भावावर तलवार उपसली. कृष्णाने त्याला थांबवले आणि वडीलधाऱ्याला अरे-तुरे करून त्याचा अपमान करणे हा त्याचा वधच होय, तेव्हा तेवढे कर म्हणजे प्रतिज्ञा पाळली जाईल, अशी वाट काढून दिली. इथे ही विचाररीत आणि तिचा धोका हे दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. एक अनर्थ टळला, हे खरेच. पण शब्द पाळल्याचा आभास राहील असा अर्थ शोधून काढण्याचे हे कौशल्य लबाडाच्या हाती पडले तर कोणतीही प्रतिज्ञा अशीच निकालात काढता येईल. माझ्या मते इथला भक्कम निवाडा अधिक साधा आहे: भावाचा जीव घ्यायला लावणारी प्रतिज्ञा मुळात बांधीलच नव्हती.

या विचाररीतीचा गाभा उत्तम दिसतो तो रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोच्या लिखाणात. इसवी सनापूर्वी 44 मध्ये त्याने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या तिसऱ्या भागात पुढील प्रसंग मांडला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्याचे भाव आभाळाला भिडले आहेत. अलेक्झांड्रियाहून एक प्रामाणिक व्यापारी धान्याने भरलेले जहाज घेऊन तिथे पोचतो. वाटेत त्याने धान्याची आणखी बरीच जहाजे ऱ्होड्सकडे येताना पाहिली आहेत. ही गोष्ट त्याने लोकांना सांगावी, की गप्प राहून मिळेल तितक्या चढ्या भावाने माल विकावा? सिसेरो स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथातल्या दोन विचारवंतांची मते समोरासमोर ठेवतो. डायोजेनीस म्हणतो, की मालातला दोष सांगणे कायद्याने बंधनकारक असेल तितके सांगावे, बाकी आपला माल आपल्या भावाने विकण्यात फसवणूक नाही. एखादी गोष्ट न सांगणे आणि ती लपवणे यात फरक आहे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, की आपण माणसांच्या समाजात जन्मलो आहोत, सर्वांचे हित ते आपले हित, आणि म्हणून विकत घेणाऱ्याला सारे काही कळले पाहिजे.

सिसेरोने दोघांचे ऐकून घेऊन निकाल दिला तो असा, की प्रत्येक न सांगितलेली गोष्ट लपवलेली ठरत नाही हे खरे. परंतु जी गोष्ट कळण्यात समोरच्याचे हित आहे ती आपल्या फायद्यासाठी त्याला कळू नये अशी इच्छा धरणे म्हणजेच लपवणे, आणि सरळ माणूस तसे करणार नाही. हा निकाल ‘नेहमी सगळे सांगा’ असे म्हणत नाही आणि ‘कायद्यापुरते सांगा’ असेही म्हणत नाही. समोरच्याची गरज, आपला फायदा आणि आपला हेतू हे तीन तपशील एकत्र आले की त्याच मौनाची जात बदलते, एवढेच तो नेमकेपणाने दाखवतो. भाव चढे नसते, किंवा मागची जहाजे कुठे निघाली आहेत हे त्या व्यापाऱ्याला ठाऊक नसते, तर निकाल वेगळा लागला असता. एकेक तपशील बदलून पाहायचा आणि निकाल कुठे फिरतो ते शोधायचे, हेच या रीतीचे मुख्य हत्यार आहे.

मध्ययुगीन युरोपात या रीतीला संस्थेचा आधार मिळाला. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ कॅथलिक व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पापांची कबुली दिली पाहिजे असा नियम केला आणि गावोगावच्या पाद्र्यांपुढे खऱ्याखुऱ्या माणसांचे खरेखुरे पेच येऊ लागले. त्यांच्यासाठी प्रसंगवार मार्गदर्शक ग्रंथ लिहिले गेले. पुढे प्रश्न आला, की एखादा नियम या प्रसंगाला लागू पडतो की नाही याबद्दल जाणकारांतच दुमत असेल तर सामान्य माणसाने काय करावे. 1577 मध्ये बार्तोलोमे दे मेदिना या स्पॅनिश पंडिताने म्हटले, की एका बाजूला खरोखर सबळ आधार असेल तर दुसरी बाजू अधिक सबळ असली तरीही पहिलीप्रमाणे वागायला हरकत नाही. मुळात यात माणुसकी होती. जिथे शहाण्यांचेच एकमत नाही तिथे सामान्य माणसावर अवजड ओझे टाकू नये, हा त्यातला भाव. पण सबळ आधार म्हणजे किती, याची पट्टी सैल होत गेली आणि कोणत्या तरी एका ग्रंथकाराचे मत मिळाले की काम भागू लागले. फ्रेंच गणिती आणि विचारवंत ब्लेझ पास्कालने 1656 आणि 1657 मध्ये निनावी पत्रे लिहून या सैलपणाचे वाभाडे काढले. त्याने दिलेल्या मासल्यांपैकी एक असा: द्वंद्वयुद्ध निषिद्ध आहे, पण आव्हान मिळालेल्या माणसाने ठरलेल्या जागी नुसते फिरायला जावे, आणि प्रतिस्पर्ध्याने हल्ला केलाच तर स्वसंरक्षण करावे. 1679 मध्ये खुद्द पोप इनोसंट अकरावे यांनी अशी 65 सैल विधाने निषिद्ध ठरवली. तेव्हापासून ही सगळी रीतच पळवाटा शोधण्याची विद्या म्हणून ओळखली जाऊ लागली.

पास्कालचा राग मला पूर्णपणे योग्य वाटतो, पण त्याने दाखवलेला दोष रीतीचा नसून तिच्या उलट्या वापराचा आहे. द्वंद्वयुद्धाच्या त्या मासल्यात निष्कर्ष आधी ठरलेला आहे आणि तपशील त्याला जुळवून रचलेले आहेत. प्रामाणिक विचारात तपशील आहेत तसे मांडले जातात आणि निष्कर्ष आपल्या गैरसोयीचा निघण्याची शक्यता शेवटपर्यंत खुली ठेवली जाते.

ही रीत पुन्हा प्रतिष्ठित झाली ती एका भयंकर प्रकरणानंतर. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगी येथे, 1932 ते 1972 अशी 40 वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण केले; पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही त्यांना तो दिला नाही आणि खरा आजारही सांगितला नाही. हे उघडकीस आल्यावर 1974 मध्ये माणसांवरील संशोधनाचे नियम सुचवण्यासाठी एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्याच्या कामाशी निगडित असलेले तत्त्वचिंतक स्टीव्हन टुलमिन यांनी पुढे नोंदवलेले निरीक्षण असे, की वेगवेगळ्या श्रद्धांचे आणि व्यवसायांचे सदस्य ठोस प्रसंगावर बोलत तेव्हा बहुधा सहमत होत, पण त्या निर्णयाची कारणे सांगू लागले की त्यांच्या वाटा वेगळ्या होत. सहमतीचा पाया तत्त्वांच्या शिखरावर नव्हता, प्रसंगांच्या पातळीवर होता. आयोगाचा अहवाल 1979 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांत त्याचा आधार घेतला जातो.

आता एक प्रसंग शेवटपर्यंत उलगडून पाहू. एका माणसाला हंटिंग्टनचा आजार असल्याचे तपासणीत निघते. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा हा आजार बहुतेकांत तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोके वर काढतो आणि हालचाली, विचारशक्ती व स्वभाव या तिन्हींवर आघात करतो. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के असते. 1993 मध्ये त्याला कारणीभूत असलेला जनुकातला बदल सापडल्यापासून नेमकी तपासणी करता येते, पण आजार बरा करणारे औषध नाही. तो माणूस ही गोष्ट आपल्या बहिणीला सांगतो, मात्र आधी वचन घेतो: ‘माझ्या मुलीला यातले काही कळता कामा नये.’ काही दिवसांनी ती मुलगी आत्याला आनंदाने सांगते, की आता मूल होऊ द्यायचे आम्ही ठरवले आहे. आत्याने काय करावे?

दोन टोकांचे प्रसंग आधी घेऊ. आजार वेळीच औषध घेतल्याने आटोक्यात राहणारा असता, उदाहरणार्थ रक्तातील चरबी आनुवंशिक कारणाने अतोनात वाढलेली असती आणि उपचाराविना तरुणपणीच हृदयविकाराचा धोका असता, तर वचन बाजूला ठेवून भाचीला सांगायलाच हवे, यावर फारसा वाद होणार नाही. उलट भावाचे गुपित केवळ त्याच्या भूतकाळातल्या एखाद्या नामुष्कीचे असते, तर ते जन्मभर पोटात ठेवायला हवे यावरही वाद होणार नाही. आपला प्रसंग या दोहोंच्या मध्ये पडतो. औषध नाही, त्यामुळे कळून जीव वाचणार नाही. पण मूल होऊ देण्याचा निर्णय जवळ आला आहे, गर्भाची किंवा कृत्रिम गर्भधारणेत भ्रूणाची तपासणी करून घेण्याचे मार्ग उपलब्ध आहेत, आणि ही माहिती नसेल तर ते मार्ग तिच्यापुरते बंदच राहतात. म्हणून हा प्रसंग मला पहिल्या टोकाकडे झुकलेला दिसतो, पण त्याला टेकलेला दिसत नाही. कारण दुसऱ्या पारड्यात नुसते वचन नाही, भाचीचा स्वतःचा एक हक्कही आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे अशा लोकांपैकी बरेच जण तपासणी करून घेतच नाहीत. आपले भविष्य आधीच कळू नये ही त्यांची विचारपूर्वक केलेली निवड असते. आत्याने सांगून टाकले तर ही निवड भाचीच्या हातून कायमची जाईल. ‘तुला कळायला आवडेल का’ असे आडून विचारले तरी त्या प्रश्नातूनच निम्मे कळून जाते.

इथे सांगणे आणि न सांगणे हे दोनच पर्याय धरून चालणारा माणूस अडकतो. पहिले पाऊल भावाकडे जाण्याचे आहे, आणि तिथे आत्याच्या हाती एक बिनतोड युक्तिवाद आहे. भावाने तिला का सांगितले? सख्ख्या बहिणीलाही तोच धोका संभवतो आणि तिला आपल्या आयुष्याचा विचार करता यावा, म्हणूनच ना? मग ज्या कारणाने बहिणीला सांगणे योग्य ठरले, त्याच कारणाने मुलीला सांगणे योग्य ठरते. दोन सारख्या प्रसंगांना वेगळा न्याय लावायचा तर त्यांतला फरक दाखवावा लागतो, आणि ‘मला मुलीच्या डोळ्यांत पाहून बोलवत नाही’ हा फरक समजण्यासारखा असला तरी पुरेसा नाही. त्याला बोलवत नसेल तर जनुकीय समुपदेशकाच्या मदतीने बोलता येते. मुलीला किती कळावे आणि कधी, हे तिच्या कलाने ठरवण्याचा अनुभव त्या लोकांकडे असतो.

वचनाचे वजनही तपासले पाहिजे. ‘आधी वचन दे, मग सांगतो’ अशा रीतीने घेतलेले वचन देताना आपण कशाला बांधले जात आहोत हे देणाऱ्याला ठाऊकच नसते. ते रद्द होत नाही, पण डोळे उघडे ठेवून दिलेल्या वचनाइतके ते भारी नाही. शिवाय गप्प राहण्याचे वचन म्हणजे खोटे बोलण्याचे वचन नव्हे. उद्या भाचीनेच सरळ विचारले, की बाबांना नेमके काय झाले आहे, तर ‘काही नाही’ असे म्हणायला आत्या बांधलेली नाही. ‘हे तू बाबांनाच विचार, आणि लवकर विचार’ हे उत्तर ती देऊ शकते. तसे उत्तर न विचारता आपणहून देणे ही मात्र वचनभंगाची सुरुवात आहे, हे तिने स्वतःपासून लपवू नये.

हाच पेच डॉक्टरपुढे असेल तर तोलही बदलतो. डॉक्टरने गुपित फोडले तर केवळ एका रुग्णाचा विश्वास जात नाही, पुढे येणारे अनेक रुग्ण तोंड उघडेनासे होतात. तरीही तिथेसुद्धा मर्यादा आहे. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, रुग्णाने एका तरुणीला मारण्याचा बेत बोलून दाखवल्यावरही तिला सावध केले गेले नव्हते अशा प्रकरणात, ज्या व्यक्तीला गंभीर धोका आहे तिच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे मानसोपचारतज्ज्ञाचे कर्तव्य ठरवले. त्या प्रकरणात धोका जिवाचा होता आणि व्यक्ती निश्चित होती. यांपैकी एकही गोष्ट नसती तर न्यायालयाला तो निकाल देणे फार अवघड गेले असते.

आत्याकडे परत येऊ. भाऊ दोन-तीन आठवड्यांत सांगतो म्हणाला आणि भाचीला अजून दिवस गेलेले नसतील, तर थांबावे. तो ठामपणे नाहीच म्हणाला, तर माझा निवाडा असा, की आत्याने भाचीला समुपदेशकाकडे जाण्यास सांगावे आणि घराण्यात एक आनुवंशिक आजार आहे एवढेच प्रथम सांगावे, म्हणजे पुढचे किती जाणून घ्यायचे ते ठरवणे तिच्या हाती राहील. मात्र तसे करण्यापूर्वी भावाला तोंडावर सांगावे, की मी तुझे वचन मोडणार आहे, अमुक दिवशी मोडणार आहे, आणि त्याआधी तू स्वतः बोललास तर बरे होईल. त्याच्या पाठीमागे काही करू नये. एखादा विचारी माणूस या सगळ्या गोष्टी विचारात घेऊन गप्प राहण्याच्या निर्णयाला आला, तर मी त्याला चूक म्हणेन, पण बेपर्वा म्हणणार नाही.

दोन कर्तव्यांपैकी एक निवडले म्हणून दुसरे नाहीसे होत नाही. स्कॉटिश तत्त्वचिंतक डब्ल्यू. डी. रॉस यांनी 1930 मध्ये मांडले, की वचन पाळणे, नुकसान भरून देणे, कृतज्ञता, न्याय, परोपकार यांसारखी अनेक कर्तव्ये एकाच वेळी आपल्यावर असतात, आणि एखाद्या प्रसंगी त्यांतले एक वरचढ ठरले तरी मागे सरलेल्या कर्तव्याचे देणे कुठल्या तरी रूपाने द्यावे लागते. आत्याचा निर्णय बरोबर असला तरी भावाचा राग गैरवाजवी नाही, आणि ‘मी योग्यच केले’ असे म्हणून ती त्याच्यापासून तोंड फिरवू शकत नाही. त्याची क्षमा मागणे, त्याच्या आजारपणात त्याच्यापाशी राहणे, आणि भाचीला जे कळले त्याचा भार तिच्यासोबत उचलणे, हे तिच्या वाट्याला येते.

असा निर्णय घेण्याआधी कोणाचा तरी सल्ला घ्यावाच. पण ज्याचा त्यात काही लाभ नाही आणि जो आपल्याला ‘नाही’ म्हणायला कचरत नाही, अशा माणसाचा घ्यावा, आणि त्याला हकिगत सांगताना आपल्या विरुद्ध जाणारे तपशील आधी सांगावेत. आत्याच्या बाबतीत असा एक तपशील आहे: भाचीला कळल्यावर हे गुपित एकटीने वाहण्याच्या ओझ्यातून तिची स्वतःचीही सुटका होणार आहे.